विषय निवडण्याआधी पुरावा निवडा

या आठवड्यात बडोद्याहून एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा :

“मी रसायनशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे संशोधन करायचे हे नक्की, पण कशात करायचे ते ठरत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी होते. त्या पाण्यात काय काय मिसळले होते, लोकांचे नुकसान नेमके कसे मोजले गेले आणि भरपाईची जबाबदारी कायद्याने कोणावर येते, हे तीन प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. माझे काका वकील आहेत. ते म्हणतात, संशोधन प्रयोगशाळेत होते. कायद्यात फक्त वाचन असते आणि अर्थशास्त्रात फक्त मते. आई म्हणते, तीन वर्षे रसायनशास्त्रात घातलीस, ती वाया घालवू नकोस. मी काय निवडावे?”

सप्रेम नमस्कार.

संशोधनाविषयी विचारणाऱ्या बहुतेक पत्रांत विषयाचे नाव असते आणि प्रश्न नसतो. तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, आणि तिन्ही खरे आहेत. त्यामुळे तुमची अडचण माहितीच्या अभावाची नाही. एकाच पुरातून उठलेले हे तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारचा पुरावा मागतात, आणि त्यांपैकी कोणत्या पुराव्यासोबत पुढची पाच-सहा वर्षे रोज बसायला तुम्हाला आवडेल, हे अजून तुम्ही अजमावून पाहिलेले नाही. माझ्या मते निवड येथे होते. विषयाची प्रतिष्ठा, नोकरीची शक्यता, घरच्यांचे म्हणणे यांना किंमत आहेच, पण ती त्यानंतरची.

पहिल्या प्रश्नाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण ते काम तुम्हाला माहीत आहे. पुराच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, तो कोठून व केव्हा घेतला याची नोंद ठेवायची, कोरा नमुना, म्हणजे शोधायचा पदार्थ नसलेला नमुना, सोबत चालवायचा, प्रमाणित द्रावणांवरून आलेख काढायचा आणि प्रत्येक मोजणी निदान तीनदा करायची. येथील पुराव्याचा आधार असा, की तोच नमुना आणि तीच पद्धत दुसऱ्या कोणाच्या हाती दिली, तर उत्तर तेच यावे. अर्थात सगळे विज्ञान एवढ्यावर चालत नाही. विश्वामित्रीतील मगरींची गणना करणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञाला नदी प्रयोगशाळेत आणता येत नाही. थंडीच्या दिवसांत मगरी काठावर उन्हात येऊन पडतात, तेव्हा त्या मोजाव्या लागतात, किंवा रात्री विजेरीच्या झोतात चमकणारे डोळे मोजून, पाण्याखाली किती राहिल्या असतील याचा अंदाज संख्याशास्त्राने बांधावा लागतो. काकांच्या मनातील प्रयोगशाळा विज्ञानाच्या एका मोठ्या भागालाही लागू पडत नाही, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

दुसरा प्रश्न, म्हणजे नुकसान कसे मोजले गेले, हा अर्थशास्त्राचा आहे आणि तेथे अडचण मुळातच वेगळी आहे. पूर पुन्हा आणता येत नाही. पूर आला नसता तर तुमच्या गल्लीतील दुकाने त्या दिवाळीत किती चालली असती, हे कोणी पाहिलेले नाही आणि पाहू शकणार नाही. पंचनाम्यात भिजलेला फ्रिज आणि कोसळलेली भिंत येते. बुडालेला रोजगार, कर्ज काढून पुन्हा भरलेला माल, शाळेत न गेलेली मुले पंचनाम्यात येत नाहीत. म्हणून अर्थशास्त्रज्ञ तुलनेसाठी जोडी शोधतो. पाणी ज्या रेषेपर्यंत चढले, त्या रेषेच्या अलीकडची घरे आणि थोडी पलीकडची घरे एरवी सारखीच असतील, तर पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या भाड्यांत, दुकानांच्या उलाढालीत, लोकांच्या स्थलांतरात पडलेला फरक पुराच्या खाती मांडता येतो. ‘एरवी सारखीच असतील’ या शब्दांवर सगळा भार आहे. सखल भागात मुळातच गरीब वस्ती असेल, तर पुराआधीचा फरक पुराच्या नावावर लागेल, आणि संशोधकाची निम्मी मेहनत तो तसा लागला नाही हे दाखवण्यात जाते.

या पद्धतीचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते बदलले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चारशेहून अधिक फास्टफूड उपाहारगृहांची वेतनवाढीच्या आधी आणि नंतर माहिती घेतली. वेतन वाढले की नोकऱ्या घटतात, असे पाठ्यपुस्तक सांगत होते. त्यांना तशी घट दिसली नाही. १९९४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावर वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद झाला, इतरांनी वेगळ्या नोंदी घेऊन तो तपासला, आणि २०२१ मध्ये कार्ड यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वाद झाला म्हणून ही नुसती मते ठरत नाहीत. आकडे कोठून आणले आणि तुलना योग्य आहे का, या दोन मुद्द्यांवर तो वाद लढला गेला, आणि शास्त्रातील वाद असेच लढले जातात.

काकांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे गेले की वाढीचा दर खालावतो. त्यांच्या गणितात अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के येत होती. अनेक देशांतील राजकारण्यांनी खर्चकपातीसाठी या निष्कर्षाचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातील अभ्यास म्हणून एखादा प्रसिद्ध निष्कर्ष पुन्हा काढून पाहायचा होता, आणि त्याने नेमका हाच निवडला. उत्तर जुळेना, तेव्हा त्याने लेखकांकडे संगणकावरील मूळ तक्ता मागितला आणि त्यांनी तो दिला. सरासरीच्या सूत्रात वरून खाली सगळ्या ओळी घ्यायच्या होत्या. प्रत्यक्षात पाच देशांच्या ओळी निवडीबाहेर राहिल्या होत्या. ती चूक, आणि काही नोंदी वगळणे व सरासरीत कोणाला किती वजन द्यायचे यांसारख्या इतर काही बाबी बदलल्यावर सरासरी २.२ टक्के आली. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, आपला व्यापक निष्कर्ष मात्र सोडला नाही. हे २०१३ चे आहे. एका विद्यार्थ्याने तक्त्यातील एक चौकोन उघडून पाहिला आणि जगभर चाललेल्या चर्चेची दिशा बदलली. नुसत्या मतांच्या प्रांतात हे घडले नसते.

आता कायदा. येथे मी काकांशी आदराने पण ठामपणे असहमत आहे, कारण ते रोज ज्या साधनांनी काम करतात ती साधने कोणीतरी संशोधन करूनच घडवलेली असतात. कायद्यातील पुरावा म्हणजे मजकूर, त्याचा इतिहास आणि युक्तिवादाची सुसंगती. तो मोजता येत नाही, पण तपासता येतो, आणि खोटा असेल तर उघडा पडतो. तुमचाच प्रश्न घेऊ. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्याचे कलम १२ राष्ट्रीय प्राधिकरणाला आपद्ग्रस्तांसाठी मदतीची किमान मानके ठरवण्यास सांगते, आणि त्यात जीवितहानीबद्दलच्या सानुग्रह मदतीबरोबर घरांच्या नुकसानीसाठी आणि उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी द्यावयाच्या मदतीचाही उल्लेख आहे. हे ठरवणे ऐच्छिक की बंधनकारक? करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी सांगितले की ते बंधनकारक आहे. त्यानंतर प्रत्येक मृत्यूमागे पन्नास हजार रुपयांची मदत ठरली. हा निर्णय जीवितहानीपुरता होता. मग त्याच कलमातील घर आणि उपजीविका या शब्दांना तोच तर्क तितक्याच जोराने लागू होतो का? प्राधिकरणाने त्या बाबतीत जी मानके ठरवली, ती पुरेशी आहेत की नाहीत हे न्यायालय तपासू शकते का, की रक्कम ठरवणे हा धोरणाचा भाग म्हणून त्यापासून दूर राहते? इतर देशांतील न्यायालयांनी अशा प्रश्नांत काय केले? हा एका उत्तम शोधनिबंधाचा विषय आहे, आणि तो तुमच्या तळमजल्यातून निघालेला आहे.

अशा वाचनातून काय घडू शकते, याचा आपल्या देशातील दाखला ठळक आहे. १९६५ मध्ये डीट्रिच कॉनराड या जर्मन प्राध्यापकांनी बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात एक व्याख्यान दिले. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही अंगभूत मर्यादा असतात का, हा त्यांचा विषय होता, आणि जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क देणारे कलम २१ संसद दुरुस्ती करून काढून टाकू शकेल काय, असे त्यांनी श्रोत्यांना विचारले होते. जर्मनीत घटनात्मक मार्गाने हुकूमशाही कशी आली, हा अनुभव त्या प्रश्नामागे होता. त्यांची मांडणी वकिलांमार्फत न्यायालयात पोचली, आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला दुरुस्तीनेही मोडता येत नाही हे तत्त्व, स्वीकारला, तेव्हा न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा हवाला दिला. व्याख्यान आणि निकाल यांत आठ वर्षे गेली.

कायद्याचे संशोधन ग्रंथालयाबाहेरही पडते. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी पुढल्या वर्षी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ‘संमती’ आणि ‘शरणागती’ या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानायला हव्या होत्या, हे त्यांनी त्या निकालाचे परिच्छेद समोर ठेवून दाखवले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. आजचे अनेक विधी अभ्यासक तर कोर्टातील हजारो निकाल गोळा करून त्यांवर संख्याशास्त्र चालवतात, म्हणजे ते निम्मे अर्थशास्त्रज्ञच झालेले असतात.

या तिन्ही क्षेत्रांत दिवस मात्र फार निराळे जातात, आणि त्याचा विचार विद्यार्थी अर्ज भरताना सहसा करत नाहीत. प्रयोगशाळेत तुम्ही माणसांत असता. उपकरणासाठी पाळी लावावी लागते, एक जण सुट्टीवर गेला तर दुसऱ्याचा प्रयोग अडतो, शोधनिबंधावर पहिले नाव काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. हिग्ज बोसॉन या मूलकणाचे वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या एका निबंधावर पाच हजारांहून अधिक नावे आहेत. अर्थशास्त्रात दोघे-तिघे मिळून लिहितात, नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात, आणि निबंध नियतकालिकात छापून येण्याआधी कच्च्या रूपात वर्षानुवर्षे चर्चासत्रांतून झोडपला जातो. कायद्याचा अभ्यासक बहुतेक वेळा एकटा असतो. जवळजवळ प्रत्येक वाक्याला तळटीप देतो, आणि महिनाभर बसूनही त्याच्यापाशी दाखवायला एखादा परिच्छेदच असू शकतो. तुम्हाला एकटे बसणे जड जात असेल, तर कायद्याचे आकर्षण कितीही असले तरी ही गोष्ट मनाशी मोकळेपणाने कबूल करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आईंची काळजी रास्त आहे आणि तिला उत्तर देण्यासाठी बडोद्याबाहेर जावे लागत नाही. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये तुमच्याच शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदवी घेतली, अमेरिकेत १९७६ मध्ये भौतिकशास्त्रातच पीएच.डी. केली, आणि मग जीवशास्त्र शिकायचे म्हणून पुन्हा विद्यार्थी होऊन वर्गात बसले. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल त्यांना २००९ मध्ये इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले ते अर्थशास्त्र शिकायला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर त्यांनी तेथे प्रबंध लिहिला, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळवली, आणि त्याच सुमारास ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाले. पुढे केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटपासाठी वित्त आयोग नेमण्याची तरतूद घटनेच्या कलम २८० मध्ये आली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते. या दोघांची बुद्धी असामान्य होती हे खरे, पण आईंना सांगायचा मुद्दा बुद्धीचा नाही. आधीचे शिक्षण दोघांच्याही पुढच्या कामात भिनलेले दिसते, आणि दोघांनाही नव्या विषयासाठी स्वतंत्र वर्षे द्यावी लागली. तुमचीही रसायनशास्त्राची तीन वर्षे वाया जाणार नाहीत. मात्र विषय बदललात तर निदान दोन वर्षे नव्याने घालावी लागतील, हे आईंना आजच सांगून टाका.

आता करायचे काय ते सांगतो. अर्ज भरण्याआधी तिन्ही प्रकारच्या पुराव्याबरोबर थोडे दिवस प्रत्यक्ष घालवा. प्रयोगशाळेचा अनुभव तुमच्याकडे आहे. कायद्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआर हे संकेतस्थळ २०२३ पासून सर्वांसाठी मोफत खुले आहे. वर सांगितलेला २०२१ चा निकाल तेथून उतरवून घ्या आणि पूर्ण वाचा. बातमीतील सारांशावर भागवू नका. वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या समासात लिहा, की येथे न्यायालय वस्तुस्थिती सांगते आहे, पक्षाचे म्हणणे मांडते आहे, की स्वतः नियम घालून देते आहे. ही तिन्ही वेगळी करता येऊ लागली की कायद्याचे वाचन म्हणजे काय ते कळेल, आणि या कामात काकांची मदत जरूर घ्या. त्यांच्याइतका चांगला शिक्षक तुम्हाला घरबसल्या मिळणार नाही. अर्थशास्त्रासाठी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय माहिती मोफत मिळते. ती उतरवून घ्या आणि गुजरातच्या शहरी भागातील स्त्रियांच्या रोजगाराचा एखादा प्रकाशित आकडा स्वतः काढून पाहा. पहिल्यांदा तो जुळणार नाही. का जुळला नाही हे शोधताना तुम्हाला वैताग येतो की भूक विसरायला होते, इकडे लक्ष द्या.

तुम्ही माझे मत विचारले आहे, म्हणून देतो. तुमच्या पत्रात पाण्यातील रसायनांबद्दल एक ओळ आहे. नुकसानीबद्दल मात्र तुम्ही पानभर लिहिले आहे (तो भाग वर छापलेला नाही), आणि त्यात शेजारच्या भाडेकरूंना मदत का मिळाली नाही, पंचनामा घरमालकाच्या नावाने का झाला, हे तुम्ही स्वतः घरोघर विचारून लिहिलेले दिसते. हा कल मला अर्थशास्त्राकडचा वाटतो. एम.ए. अर्थशास्त्राला अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. आयआयटींच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, आणि मराठी घरांना परिचित असलेली पुण्याची गोखले संस्था १९३० पासून याच विषयासाठी उभी आहे. तुम्हाला कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित पक्के करावे लागेल; आजपासून रोज तासभर त्याला द्या. कायद्याचा मार्ग पदवीनंतर तीन वर्षांचे एलएल.बी. आणि मग एलएल.एम. असा लांबचा आहे, पण तो पुढेही मोकळा राहतो, अर्थशास्त्राची पीएच.डी. करताना भाडेकरू आणि भरपाई यांचा कायदेशीर भाग तुम्हाला तसाही वाचावाच लागेल.

पैशाचे म्हणाल तर नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षे आहेत. हे आकडे आईंना दाखवा. आणि त्या भाडेकरूंच्या मुलाखतींच्या वह्या जपून ठेवा. प्रत्येक नोंदीवर तारीख, पाण्याची उंची आणि घर मालकीचे की भाड्याचे हे आताच लिहून काढा, कारण दोन वर्षांनी लोकांना ते आठवणार नाही आणि तुमच्या पहिल्या निबंधाला त्याचीच गरज पडेल.